लाल होणारं दूध

राजपुऱ्यातल्या त्या बोळात पाय ठेवायला जागा नव्हती. ओट्यावर भाईदासबाबा बसला होता. त्याने पितळी वाटीत बाळंतीण प्रतिभाच्या दुधाचे थेंब घेतले, चिमूटभर हळद टाकून बोट फिरवलं. दूध लालभडक झालं!

"देखा? रगत!" बाबा गरजला. "पैल्या दुधात डाकीण बसेल आहे. पोराले माझं अमृत पाजा!"

अमृत म्हणजे केळीच्या खांबाचं पाणी आणि साखर. प्रतिभाची सासू धुरपदाबाई परवापासून तिचा पिवळा चीक पिळून फेकत होती आणि बाळाला हे पाणी पाजत होती. बाळाला जुलाब लागले, ओठ सुकले, तेव्हा कुठे मला बोलावणं आलं. मी लहान मुलांची डॉक्टर. चीक पाजा, चीक पाजा म्हणून माझा घसा बसला, आणि इथे एका वाटीने सगळ्यावर पाणी फिरवलं. माझं डोकंच फिरलं.

"रिक्षा उभी आहे. बाळाला इस्पितळात न्या."

"दोष उतरल्याबिगर कसं नेऊ, डागतरीणबाई?" धुरपदाबाई म्हणाली. "रगत निंघालं ना!"

मी टपरीवरून म्हशीचं दूध मागवलं, बाबाच्याच दुसऱ्या वाटीत ओतलं, हळद घातली. तेही लाल.

"बाबा, म्हशीलाही डाकीण लागली?"

बाबा वाटी ओढू लागला. मी दूध ओतून टाकून तिचा तळ नखाने खरवडला. चुन्याचा थर!

"मुका मार लागला की हळद-चुना कोण लावतं, धुरपदाबाई? लाल होतो ना तो?"

"होते... पन हे दूध पिवळं, चिकट. वंगाळच दिसते ना?"

"अहो, तेच औषध! बाळाच्या आतड्याचं अस्तर कच्चं असतं. चिकातली पेप्टाइडं, म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे, ते अस्तर सांधायला आणि आतली सूज कमी करायला मदत करतात. निसर्गाने फुकट दिलेलं तुम्ही मोरीत ओतलंत."

धुरपदाबाई तरीही बाबाकडेच बघत राहिली. प्रतिभा मात्र उठली.

"आई, माझं पोरगं द्या इकडं."

रिक्षात बसता बसता तिने बाळाला पदराखाली घेतलं. इस्पितळात सलाईन लागलं, बाळ वाचलं. पण प्रत्येक बाळ वाचत नाही, म्हणून हात जोडून सांगते: बाळ जन्मलं की तासाभरात आईजवळ द्या. चीक फेकू नका. तो पुन्हा येत नाही.