रंगाऱ्याचा खड्डा

रंगारीकाकांना अभिमान होता तो आपल्या रंगांपेक्षा आपल्या खड्ड्याचा. गल्लीतले बाकीचे रंगारी वापरलेलं पाणी खुशाल गटारात सोडायचे, आणि लाल-निळं गटार बघून लोक त्यांच्या नावानं खडे फोडायचे. काकांच्या वडिलांनी मात्र कारखान्यामागे दगड-वाळू भरून एक खोल खड्डा करून ठेवला होता. हंड्यातलं पाणी आधी चुना टाकून निवळायचं, रंग खाली बसला की वरचं पाणी खड्ड्यात सोडायचं, हा घरचा नियम. संध्याकाळी भरलेला खड्डा सकाळी रिकामा. "माझा एक थेंब कुणाच्या दारात जात नाही," असं काका येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगायचे. मग तो थेंब जातो कुठं, हे त्यांना कधी कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही स्वतःला विचारलं नाही. एकट्या काकांनाच का बोल लावा? डोळ्यांआड गेलेल्या गोष्टीची चौकशी आपण तरी कुठं करतो!

खड्ड्यापलीकडे अंगण आणि अंगणात विहीर. पाणी नितळ, बारा महिने भरपूर. शेजारपाजारचेही तिथूनच पाणी भरत.

त्या दुपारी सून विहिरीपाशी नातीचं झबलं घासत बसली होती. चिमीनं त्यावर डाळिंबाचा रस सांडला होता.

"बाबा, हल्ली डाग म्हणून निघत नाहीत बघा. घासून घासून हाताची सालं निघाली माझी."

"साबण स्वस्तातला आणायचा आणि वर कुरकुर करायची!" काका हसले.

"साबण तोच आहे. ताईकडे राहायला गेले की याच साबणानं तिच्याकडचे कपडे स्वच्छ निघतात. आपल्याच घरात काय होतंय कोण जाणे."

काकांनी झबलं हातात घेऊन उजेडात धरलं आणि त्यांचं हसू मावळलं. रस धाग्यात पार भिनला होता. साध्या सुती कापडावर फळाचा रस असा बसत नाही. तो बसायला कापडाला आधी पूड पाजावी लागते. ही पूड म्हणजे रंग पक्का करायचं औषध. कारखान्यात ती कुलपात असायची, कारण एका कारागिराच्या हाताला तिनं भोकं पाडली होती. पाण्यात विरघळली की तिला ना रंग, ना वास. चुन्यानं रंग खाली बसतो. पुडीचं काय होतं ते कुणी पाहिलंय?

आणि या झबल्यानं विहिरीच्या पाण्याशिवाय दुसरं पाणीच पाहिलं नव्हतं.

घरात प्यायलाही हेच पाणी होतं. चिमीचं पोट गेले कित्येक दिवस दुखत होतं, खाल्लेलं उलटून पडत होतं, पोर पार वाळली होती. डॉक्टरांनी पाणी उकळून द्यायला सांगितलं, तेव्हा काकांनीच वर शहाणपण शिकवलं होतं, "चांगलं निम्मं आटेपर्यंत उकळ." पाण्याची वाफ होऊन जाते. पूड कुठं जाणार? ती भांड्यातच राहते.

सुनेला काही न सांगता ते कारखान्यात गेले. कोऱ्या कापडाच्या दोन पट्ट्या फाडल्या. एक विहिरीच्या पाण्यात भिजवली, दुसरी दुकानातून आणलेल्या बाटलीच्या पाण्यात. मग दोन्ही एकाच रंगात बुडवून त्यांनी धुवायला घेतल्या. बाटलीच्या पाण्यातली पट्टी बघता बघता पांढरी झाली. दुसरी गुलाबीच राहिली. त्यांनी साबण लावला, दगडावर घासली, पुन्हा घासली. जन्मभर रंग टिकावा म्हणून राबलेला हा माणूस आज तो निघावा म्हणून देवाची करुणा भाकत होता. शेवटी कापड विरलं, पण रंग हटला नाही.

ते धावत घरात आले. सून चिमीच्या ओठांना पेला लावत होती. काकांनी तो हिसकावला तशी पोर घाबरून रडायला लागली.

"बाबा! अहो, असं काय करताय?"

त्यांनी सांगितलं. खड्डा, पूड, विहीर एवढ्या तीन शब्दांतच तिला कळायचं ते कळलं.

"मीच पाजलं की हो," ती म्हणाली. "रोज, माझ्या हातानं." मग तिनं चिमीला उचललं आणि पायात चप्पलही न घालता दवाखान्याकडे धावली.

काकांनी विहिरीवरची मोटार बंद केली. तेवढ्यात शेजारची शिंपीण कळशी घेऊन आली.

"मोटार बिघडलीय," काका म्हणाले. आपल्या तोंडून हे कसं बाहेर पडलं ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. गल्लीला कळलं तर लोक आपल्याला उभं जाळतील, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

"मग राहू दे. सकाळचं पिंपभर आहे घरात. पोरांना तेच उकळून देते," म्हणत ती वळली.

ती गेली तशी काकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आणि मग ती काय म्हणाली ते त्यांच्या डोक्यात शिरलं. उकळून. पोरांना. ते अनवाणी तिच्या दारापर्यंत पळत गेले.

"थांब! ते पाणी पोरांना देऊ नकोस. एक घोटही नको!"

"का हो, काका?"

"माझ्या खड्ड्यातलं पाणी विहिरीत उतरलंय. विषारी आहे ते. मोटार धडधाकट आहे, मी खोटं बोललो. चिमी बहुतेक त्यानंच आजारी पडलीय."

शिंपिणीनं आत ओरडून पोरांना पिंपापासून लांब केलं. तिनं पिंप फरफटत उंबऱ्यापर्यंत आणलं आणि कलतं करता करता थबकली. समोर अंगणाची माती होती, पलीकडे गटार, आणि गटाराच्या टोकाला नदी.

"काका," तिनं विचारलं, "हे ओतू कुठं?"

काकांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. ती पिंप धरून उभी होती, आणि त्यांना दाखवायला जागा सापडत नव्हती.