पडद्यामागून छत्तीस पॉइंट चार

दर वर्षी परदेशातून शिकाऊ डॉक्टर-नर्सांची एक तुकडी आमच्या डोंगरपायथ्याच्या गावांत येते. सहा आठवडे आमच्याच घरांत राहायचं, झऱ्यावरून पाणी आणायचं, उकडलेली केळी खायची आणि गावाचं आरोग्य कसं राखतात ते आमच्यामागे फिरून शिकायचं. मी गावची आरोग्य स्वयंसेविका, म्हणजे बिनपगारी. त्यामुळे एक पाहुणी ठरलेली माझ्या गळ्यात. त्या वर्षी आली ती हॉलंडची नर्स मारीके, सव्वीस वर्षांची. आमच्याकडे माणसाला जन्मनावाखेरीज एक मायेचं नाव असतं आणि हाक त्याच नावाने मारतात; माझं अद्येरी. तिलाही एक दिलं होतं, पण त्या नावाने बोलावलं की ती मागे वळून दुसरं कोण आहे ते बघायची.

तिसऱ्या आठवड्यात गावांत रक्ताचा ताप आला, नुसत्या शिवण्याने लागणारा आणि माणसं मारणारा. बाकीचे पाहुणे मिळेल त्या विमानाने घरी गेले. मारीके राहिली. मी म्हटलं, बाई गं, तुझी आई मला शिव्या घालेल. ती म्हणाली, शिकायला आले आणि शिकायची वेळ आली तेव्हा जाऊ? पोरगी हट्टी होती. मला आवडली.

काम सरळ होतं. ज्या घरातलं माणूस तापाने गेलं, त्या घरच्यांची यादी करायची आणि एकवीस दिवस रोज सकाळी त्यांचा ताप मोजायचा. दोन मीटर लांब उभं राहायचं. उंबरा ओलांडायचा नाही, काही झालं तरी नाही. ताप दिसला तर माणूस दवाखान्याच्या वेगळ्या तंबूत न्यायचं, नाही दिसला तर एकविसाव्या दिवशी घर मोकळं.

अकीकीचा नवरा त्या तापाने गेला होता. पांढऱ्या पोशाखातल्या माणसांनी त्याला पिशवीत घालून पुरलं. अकीकीला त्याला आंघोळ घालता आली नाही, तोंडसुद्धा बघता आलं नाही. यादीत उरली तीन नावं: अकीकी, तिची मुलगी केमिगिसा आणि केमिगिसाचं चार दिवसांचं बाळ. केमिगिसा जन्मली तेव्हा तिची नाळ मी कापली होती. तिचं बाळ यातून सुटावं एवढंच मी रोज वाटभर देवाकडे मागत जायची.

केमिगिसा बाळंतीण, ती बाहेर येईना. मारीके म्हणाली, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहायचं नाही असं शिकवलंय. मीच मध्ये पडले. ओल्या बाळंतिणीला दारात उभं करत नाहीत, थर्मामीटर आत देऊ, ती आकडा सांगेल. मारीकेने माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

तेव्हापासून रोजचं एकच. अकीकी चटईवर येऊन बसायची, बाळाला मांडीवर घ्यायची, आम्ही न शिवता, कपाळावर रोखायच्या यंत्राने लांबूनच दोघांचा ताप मोजायचो. मग पडद्यामागून केमिगिसाचा आवाज यायचा, "छत्तीस पॉइंट चार." मी तब्येत विचारायची. उत्तर नसायचं. मला वाटायचं, बाप गेलाय, पोर कशाला बोलेल.

तेराव्या दिवशी अकीकी बाळाशिवायच बाहेर आली. बाळ झोपलंय म्हणाली. पडद्यामागून आवाज आला, "छत्तीस पॉइंट चार."

मारीकेने लिहिलं नाही. तिने मागची पानं मला दाखवली. पहिल्या दिवसापासून तोच आकडा. "अद्येरी, माणसाचा ताप असा नसतो. थर्मामीटर बघू दे."

अकीकी जागची हलेना. मी आवाज चढवला तेव्हा ती आत गेली आणि थर्मामीटर आणून मधल्या जमिनीवर ठेवून मागे सरली. मारीकेने काडीने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. काच कोरीच राहिली. बॅटरी संपली होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"आठ-दहा दिवस झाले."

"मग ती आकडा कुठला सांगते? केमिगिसा, बाहेर ये. आत्ताच्या आत्ता."

पडद्यामागे काही हललं नाही. अकीकी खाली बसली आणि ओरडाआरडा न करता बोलली. केमिगिसा पाचव्या दिवशीच गेली होती. तापानेच. तंबूत नेतील म्हणून तोवर ती स्वतःच खोटा आकडा सांगत होती. त्या माणसांनी तिलाही पिशवीत घातलं असतं, म्हणून अकीकीने एकटीने तिला आंघोळ घातली आणि घरामागच्या केळीत पुरलं. बाळाला ती गाईचं दूध चमच्याने पाजत होती.

मला इतका संताप आला की तिला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. "आणि तिचा आवाज काढून आम्हाला मूर्ख बनवत होतीस?"

"तीन दिवस काढला," अकीकी म्हणाली. "सहाव्या, सातव्या, आठव्या. मापून झाल्यावर आत जायची आणि बोलायची. नवव्या दिवशी उठायला लागले, तर त्याआधीच आतून आकडा आला. मग मी उठलेच नाही. तू बघत होतीस की, मी तुझ्यासमोर तर बसलेली असायची."

बसलेली असायची. मला आठवलं. तोंड मिटून, हात मांडीवरच्या बाळावर ठेवून.

मारीकेला सगळं समजलं नव्हतं. ती मला विचारत होती, काय म्हणते ती, काय म्हणते? मी सांगायला तोंड उघडलं आणि पडद्यामागून केमिगिसा बोलली. मी त्या पोरीला पहिल्या रडण्यापासून ओळखत होते, तो तिचाच आवाज होता.

"अडतीस पॉइंट नऊ."

अकीकीचे ओठ मिटलेले होते. आवाज पुन्हा आला, घाईने, विनवल्यासारखा. "अडतीस पॉइंट नऊ. अडतीस पॉइंट नऊ."

"बाळ," मारीके म्हणाली. हातमोजे चढवत ती उंबरा ओलांडून आत गेली. पडदा बाजूला झाला तेव्हा मला खोली दिसली. रिकामी खाट आणि खाली टोपलीत बाळ. मारीकेने त्याच्या कपाळाशी ताप मोजला आणि तो आकडा माझ्याकडे वळवून धरला. अडतीस पॉइंट नऊ होता.

बाळाला मलेरिया निघाला, रक्ताचा ताप नव्हे. त्याच दुपारी औषध सुरू झालं आणि ते जगलं. तासभर जरी उशीर झाला असता तरी हाती लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. अकीकीचे आणि मारीकेचे एकवीस दिवस त्या दिवसापासून नव्याने सुरू झाले. दोघी तंबूत शेजारी-शेजारी राहिल्या आणि दोघी नीट बाहेर आल्या.

तंबूत कोण जाणार त्याची यादी करणाऱ्याने मलाही विचारलं होतं, तुम्ही आत गेला होतात का. मी नाही म्हणाले. ते खरंच होतं. केमिगिसा मला हाक मारत होती आणि मी दोन मीटरवर उभी राहिले.