झांजोबा आणि झिपरीची झुलपं

या, मित्रांनो, या! असे लांब का बसलात? पुढे सरका, मागच्यांना जागा करा, गुडघ्याला गुडघा लागला तरी चालेल. कान जरा इकडे द्या. अशी गोष्ट सांगतो की ऐकताना हसाल, मध्येच श्वास रोखून धराल, आणि घरी गेल्यावर माळ्यावरचं खोकं उघडल्याशिवाय तुम्हाला चैन पडणार नाही.

मी एक जुनं पत्र्याचं अस्वल आहे. उंचीनं जेमतेम वीतभर. दोन हातांत दोन झांजा, पाठीत चावी, पोटात स्प्रिंग. चावी दिली की मान डोलवत छन्‌छन् वाजवतो. याहून जास्त विद्या मला येत नाही. पण देवानं ज्याला जेवढं दिलं तेवढं त्यानं जीव लावून वाजवावं, मग ऐकणारा एक असो की शंभर.

जन्मलो तेव्हा मी सपाट होतो. हसू नका, खरं सांगतो! कारखान्यात पत्र्याच्या मोठ्या तावावर आमची चित्रं छापत. एकीकडे नुसती पोटं, दुसरीकडे नुसत्या पाठी. मग साच्यात दाब बसला की पोट फुगायचं, गाल वर यायचे आणि सपाट चित्राचं गुटगुटीत अस्वल व्हायचं. जोडायला ना खिळा ना डिंक. पोटाच्या कडेला पत्र्याच्या बारीक जिभा असत, त्या पाठीच्या फटींत घालून दुमडल्या की काम झालं. ही जीभ मोठी मानी बरं का! एकदा दुमडली की दुमडली. उलगडून पुन्हा वाकवायला गेलात तर मोडेल, पण ऐकणार नाही. आमच्या जिभा दुमडणारी बाई शेवटची जीभ दाबताना प्रत्येकाला पुटपुटायची, "जा बाबा, चांगल्या घरी पड." जशी काही लेकच सासरी निघालीय!

आणि खरंच चांगल्या घरी पडलो. त्या घरात आई कपडे शिवायची आणि तिच्या मशीनच्या टेबलावर मी उभा असायचो. तिच्या लेकीला माझ्या वाजवण्याशिवाय घास उतरत नसे. एक घास, एक चावी. आई वैतागून म्हणायची, "अगं, तुला नाही तर नाही, त्या बिचाऱ्या झांजोबाला तरी दम खाऊ दे!" तेव्हापासून माझं नाव झांजोबा. ती मुलगी मला पोटाला धरायची. तिच्या मुठीनं माझ्या पोटाचा तपकिरी रंग घासून घासून गेला आणि आतला पांढरा पत्रा चकाकू लागला. लोक म्हणत, "अरेरे, रंग गेला!" मला मात्र तो गेलेला रंग मिरवावासा वाटे.

पण मित्रांनो, मुलं मोठी होतात. व्हायलाच हवीत, देवानं त्यांना त्यासाठीच धाडलेलं असतं. मी टेबलावरून कपाटावर गेलो, कपाटावरून खोक्यात. खोक्यात माझ्या शेजारी पानं सुटलेली चित्रांची पुस्तकं होती आणि सोंगट्या हरवलेला एक पट. एकमेकांना टेकून आम्ही वर्षं काढली. रुसलो नाही असं म्हणणार नाही. पण रुसून सांगणार कोणाला? चावी स्वतःची स्वतःला थोडीच देता येते!

पुढे त्या घरानं बस्तान हलवलं आणि आमचं खोकं आलं जुनी खेळणी-पुस्तकं विकणाऱ्या मावशींच्या दुकानात.

मावशींचं दुकान म्हणजे जुन्या बालपणांचं गोदाम. खालच्या फळीवर कोपरे मऊ झालेली गोष्टींची पुस्तकं, वर लाकडी गाड्या, एका डोळ्याच्या बाहुल्या, भोवरे, गोट्यांच्या बरण्या. पाहावं तर मोठी माणसं आत शिरत आणि "अय्या, हे आमच्याकडे होतं!" म्हणत लहान होऊन बाहेर पडत. मावशींचा एक नियम होता. कुठलंही खेळणं दुरुस्तीला उघडायचं असेल, तर आधी त्याला त्याचं काम एकदा पोटभर करू द्यायचं. भोवरा असेल तर फिरवायचा, गाडी असेल तर पळवायची. मावशी म्हणत, "उघडलेलं पुन्हा मिटेलच असं नाही. मग निदान मनातली हौस तरी राहू नये."

तिथे मला माझा भाऊ भेटला. त्याच कारखान्यातला, त्याच साच्यातला, पण काय त्याचं रूप! रंग जसाच्या तसा, खोकंसुद्धा कोरं. ज्या घरी तो पडला तिथे त्याला जपून ठेवलं होतं. इतकं जपून, की कोणी एकदाही चावी दिली नाही. पोटातलं वंगण सुकून त्याचा डिंक झाला होता आणि स्प्रिंग गंजून बसली होती. राजपुत्र दिसायचा, पण झांजा हवेत तशाच उचललेल्या.

एके दिवशी दुकानात सलूनवाला आला. नवं सलून, नवे आरसे, लहान मुलांसाठी उंच खुर्ची. पण सलूनसमोर त्याची स्वतःचीच लेक झिंज्या उडवत हिंडायची. कात्री दिसली की ती पळालीच! सगळी गल्ली तिला झिपरी म्हणायची.

"मावशी, माझी अब्रू वाचवा," तो म्हणाला. "गिऱ्हाइकं म्हणतात, स्वतःच्या पोरीचे केस कापता येत नाहीत, आमच्या पोरांचे काय कापणार? पोरांचं लक्ष गुंतवील असं काहीतरी द्या."

त्याची नजर माझ्या भावावर गेली. "हेच! नव्या दुकानाला शोभेल."

"ते वाजत नाही रे. हे वाजतं," मावशींनी मला पुढे केलं.

सलूनवाल्यानं माझ्या पोटाकडे पाहिलं. "ह्याला तर टक्कल पडलंय, मावशी. माझ्या दुकानात टक्कल पडलेलं अस्वल? लोक हसतील. ह्याची स्प्रिंग त्याच्या पोटात घाला ना!"

मावशींना ते फारसं रुचलं नाही. पण दोन मोडक्यांतून एक धड करणं ही त्या धंद्याची रीतच आहे. पुस्तकांचंसुद्धा तसंच करतात, एकाची पानं दुसऱ्याला. त्या हळूच म्हणाल्या, "बरं. उद्या ये."

मित्रांनो, मी तर हबकलोच! म्हटलं, देवा, भावाच्या पोटात माझं काळीज वाजेल हे खरं, पण मी? माझा रिकामा डबा होणार!

दुसऱ्या दिवशी मावशींचे दीर आले. हे काका घड्याळं दुरुस्त करत. हात सोन्यासारखा, पण घाई भारी. मावशी आत चहा टाकायला गेल्या आणि इकडे काकांनी मला पालथं घालून पहिल्या जिभेखाली स्क्रूड्रायव्हर सारला. कट्! जीभ मोडली.

"भाऊजी!" मावशी कपबशी घेऊन दारातच थबकल्या. "वाजवलंत का त्याला आधी?"

"वहिनी, आता हे जाणारच. वाजवून काय करायचंय?"

"जाणाऱ्याला पाणी विचारतात की नाही? ठेवा तो स्क्रूड्रायव्हर खाली!"

तेवढ्यात सलूनवाला आला, बोटाला झिपरी. ती आधी माझ्या भावाकडे धावली. "हात लावू नकोस, रंग जाईल!" बाप ओरडला. तिनं हात मागे घेतला. मग तिनं मावशींना विचारलं, "आणि ह्याला?"

"त्याला लाव की. त्याचा आधीच गेलाय," मावशी हसल्या आणि तिला खाली बसवून, मला चावी देऊन त्यांनी तिच्या मांडीवर ठेवलं.

तिनं मला धरलं, ते बरोबर पोटाला. आणि मी सुरू झालो. छन्‌छन् छन्‌छन्! म्हटलं, शेवटचंच वाजवायचं तर असं वाजवू की फळीवरच्या बाहुल्यांनी माना डोलवाव्यात. झिपरी खिदळायला लागली. खाली वाकून माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि तिची झुलपं डोळ्यांवर आली.

सलूनवाल्याचा हात सवयीनं खिशात गेला. कंगवा निघाला. कात्री निघाली. तो मांजराच्या पावलांनी तिच्यासमोर उकिडवा बसला. कच्. तिला पत्ता नाही. कच्, कच्. मावशींनी पदर तोंडाला लावला. काकांचा चहा बशीतच राहिला.

अर्धी झुलपं कापून झाली आणि माझी स्प्रिंग सैल पडू लागली. छन्... छन्... अरे देवा! अर्धी वर, अर्धी नाकापर्यंत! या अवतारात पोर पळाली तर बापाला गल्लीत तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. माझ्यात होतं नव्हतं तेवढं वाजवलं. एक शेवटची छन्... आणि थांबलो.

झिपरीनं मान वर केली. समोर बाप, हातात कात्री, चेहरा चोरासारखा.

तिनं कात्रीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. माझ्या पाठीतली चावी धरली आणि फिरवायला लागली.

"बाबा, हा वाजतोय तोवरच हं," ती बजावून म्हणाली. "थांबला की तुम्हीपण थांबायचं."

"बरं, राणी," सलूनवाला म्हणाला. मी पुन्हा वाजू लागलो आणि कात्री माझ्या तालावर चालू लागली.

झुलपं सरळ झाली तेव्हा काकांनी स्क्रूड्रायव्हर हळूच पेटीत टाकला. मावशींनी मुद्दाम विचारलं, "मग? घालू का ह्याची स्प्रिंग त्याच्या पोटात?"

"मावशी, लाजवू नका," सलूनवाला म्हणाला. "चकाकायला माझे आरसे आहेत. मला हाच द्या."

तर मित्रांनो, हल्ली माझा मुक्काम आरशासमोर आहे. मोडलेल्या जिभेच्या जागी काकांनी तारेचा टाका घातलाय. रडत येणारी पोरं मला पोटाला धरतात आणि चावी त्यांच्याच हातात असते. रंग आता गालांवरूनही उडायला लागलाय. उडू दे! तुमची खेळणी, तुमची पुस्तकं जपा, पण कुलपात घालून जपू नका. हाताळा, वाचा, वाजवा, धूळ पुसा, तेलाचा थेंब सोडा, आणि तुम्ही मोठे झालात की लहान हातांत देऊन टाका.

आणि एक मागणं आहे. माझा भाऊ अजून मावशींच्या फळीवरच आहे. काका येता-जाता त्याच्या पोटात तेलाचा थेंब सोडतात, पण त्याची स्प्रिंग अजून जागची हललेली नाही. त्यानं काही वाईट केलं नव्हतं, त्याला फक्त कोणी वाजवलं नाही. रात्री झोपताना देवाला हात जोडाल तेव्हा माझ्यासाठी काही मागू नका, माझं छान चाललंय. त्याची तेवढी आठवण ठेवा.