वीतभर जागा

आमचे हे फ्रिज दुरुस्त करतात. उन्हाळ्यात लोक यांची जितकी वाट पाहतात तितकी पाहुण्यांचीही पाहत नाहीत. गल्लीत यांना ‘गारेगार’ म्हणतात आणि यांना ते आवडतंही. अशा माणसाच्या घरात माझा कॉम्प्युटर मात्र रोज तापून बंद पडत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

माझं काम न बांधलेल्या खोल्यांची चित्रं करण्याचं. एका बिल्डरला नमुन्याच्या स्वयंपाकघराची दोन मिनिटांची फिल्म हवी होती, आज पाच वाजेपर्यंत. आवडली तर चाळीस फ्लॅटचं काम माझं. नाहीतर ते दुसऱ्या एका बाईला जाणार, जिच्याबद्दल मी काही बोलणार नाही. फिल्म तयार करायला कॉम्प्युटरला सलग चार तास राबावं लागतं, आणि आमचा हा जेवणाच्या डब्याएवढा जीव वीस-पंचवीस मिनिटांत मान टाकायचा.

“दुकानात नेते,” मी सकाळी म्हणाले.

“मी घरात असताना?” हे म्हणाले, आणि सुट्टी टाकून स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले.

कॉम्प्युटर राहायचा फ्रिजच्या मागच्या भिंतीवर, हुकाला टांगलेला. माझं टेबल फ्रिजला लागूनच. दोन वर्षांपूर्वी यांनी तो तिथे इतक्या झोकात बसवला होता की येणारेजाणारे विचारायचे, हा स्क्रीन चालतो तरी कशावर?

“धूळ,” यांनी निदान केलं. झाकण उघडलं, पंख्यातून बोळाभर धूळ काढली. चिपची उष्णता बाहेर नेणारी, आता वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, ती मनासारखी बसेना म्हणून तीनदा लावली. मग कॉम्प्युटर परत हुकावर, कारण वस्तू जागच्या जागी, हा यांचा बाणा. अकरा टक्के फिल्म झाली आणि बंद.

“हवा कमी पडतेय.” सासूबाईंचा टेबलफॅन जप्त झाला आणि फ्रिजमागच्या फटीत तोंड खुपसून घोंगावू लागला. सासूबाई वर्तमानपत्राने वारा घेत बसल्या. चौदा टक्के.

“आता रामबाण उपाय!” यांनी बर्फात गोठलेल्या मटारचं पाकीट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सुतळीने कॉम्प्युटरच्या पाठीला बांधलं. पाणी ठिबकू लागलं तसं सासूबाईंनी खाली पातेलं सरकवलं.

“मटार शिजले की सांगा,” त्या म्हणाल्या.

नऊ टक्के. मटार मात्र खरंच मऊ झाले होते.

साडेबारा वाजले. एकपर्यंत काम सुरू झालं नाही तर सगळं संपलं. मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मी भांडते.

“गावभरचे फ्रिज गार करता, आणि बायकोचा एवढासा डबा होत नाही तुमच्याच्याने?”

एवढ्यात यांचा फोन वाजला. गिऱ्हाईक होतं. यांचा आवाज एकदम भारदस्त झाला.

“फ्रिज गार होत नाही? मागे वीतभर जागा सोडलीय का? नाही ना? अहो ताई, फ्रिज गारवा तयार करत नाही, आतली उष्णता मागे फेकतो. तिला जायला वाट नको? ओढा पुढे.”

हे भाषण हे रोज देतात. आम्हाला पाठ आहे, म्हणूनच आम्ही कधी ऐकत नाही. पण आज सासूबाईंचं वर्तमानपत्र हलायचं थांबलं.

“अरे, मग आपला फ्रिज कुठे फेकतो?”

यांनी फोन हळूच खाली ठेवला. फ्रिजच्या मागे हात घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! यांचा चेहरा पाहवेना. खरं तर वायरी दिसायला नकोत, लपवा कुठेतरी, असा हट्ट दोन वर्षांपूर्वी माझाच होता. पण ते मी त्या क्षणी कुणाला आठवू दिलं नाही.

“बाहेर काढला तर वायरी दिसतील,” हे म्हणाले. म्हणजे यांना आठवत होतं.

“दिसू देत,” मी म्हणाले.

जेवणाच्या टेबलाच्या मधोमध चाळणी पालथी घातली, तिच्यावर कॉम्प्युटर ठेवला. एकला पाच मिनिटं कमी असताना काम सुरू केलं. घरभर वायरी पसरल्या. आम्ही तिघं ताटं हातात धरून जेवलो आणि टाचा उचलून चाललो. वीस टक्के, पन्नास, नव्वद. पाचला पाच मिनिटं कमी असताना फिल्म तयार झाली.

तिघांनी मिळून पाहिली. सुंदर झाली होती. खिडकीतून ऊन येत होतं, ओटा चकाकत होता, आणि कोपऱ्यात फ्रिज. भिंतीत असा चपखल बसवलेला की मागे पोस्टकार्डही जाणार नाही.

मी यांच्याकडे पाहिलं. टेबलाखाली यांचा अंगठा आणि करंगळी आपोआप ताणली जात होती. वेळ उरला नव्हता हे यांना कळत होतं, आणि माझ्यासाठी एवढी वीत गिळणाऱ्या या माणसाचा मला फार लोभ वाटला. मी फिल्म पाठवली.

साडेपाचला बिल्डरचा फोन आला. “पसंत! चाळीसच्या चाळीस फ्लॅट तुमचे. तो फ्रिज तर काय सफाईदार बसवलाय हो!”

मी यांच्याकडे बघत म्हणाले, “थँक्यू. फक्त एक बदल करावा लागेल. फ्रिजमागे वीतभर जागा सोडायची, प्रत्येक घरात. घरच्या तज्ज्ञांचं मत आहे.”

बिल्डरनं होकार दिला. मी फोन ठेवला. मला वाटलं, आता यांचा ऊर भरून येईल.

“अगं, काय केलंस हे!” हे डोक्याला हात लावून म्हणाले. “माझे चाळीस फोन गेले की!”