माझी नाल दाराला मिळणार नाही

मी एक जुनी घोडी आहे, रंगानं काळी आणि पुढच्या डाव्या पायानं लंगडी. कीव करू नका मित्रांनो, मला ती खपत नाही.

साखरा गावच्या रूपाबाई कासारणीच्या बांगड्यांच्या पेट्या मी पाठीवर वाहिल्या. मोठा दुष्काळ सरला होता आणि पाऊस नुसता दणकून पडत होता. श्रावणात बायकांना नव्या बांगड्या हव्यात, आणि एस.टी. तर चिखलाला भिऊन सडकेवरच थांबते. मग खेड्यात जायचं कुणी? मी! पण आमची काळी माती भारी चिवट. टाप रुतली की नाल ओढून घेते आणि खिळ्यांबरोबर खुराचा कपचाही निघतो. असं वर्षानुवर्षं होऊन माझा पाय कायमचा दुखरा झाला.

त्यात लोकांचं खूळ! काळ्या घोडीची नाल शनिवारी दाराला ठोकली की इडापिडा टळते म्हणे. माझी नाल जरा हलली की कुणीतरी पक्कड घेऊन हजर. रूपाबाई भिडेखातर देऊन टाकायची. अर्ध्या गावाच्या दारांचं भलं झालं आणि मी अनवाणी खुरडत राहिले.

शेवटी पाय टेकेना. रूपाबाईनं खेमा नालबंदाला बोलावलं. त्यानं चिखल खरवडला, खूर कोरडा होऊ दिला, वाढलेलं टोक कानशीनं घासलं. मग खाली चामड्याचा तुकडा देऊन हलकी, रुंद नाल ठोकली.

"बाई, ही नाल कुणाला देऊ नका," तो म्हणाला. "आता कपचा निघाला तर खिळा ठोकायला जागाच न्हाई. मग घोडी बसली समजा."

पुढच्याच शनिवारी गावातले बडे जमीनदार तातेराव आले. त्यांनी नवं घर बांधलं होतं. नाल घरधन्यानं स्वतः काढायची असते, म्हणून पक्कड घेऊन ते माझ्या पायाशी वाकले.

"मालक, तेवढं नका करू," रूपाबाई म्हणाली.

"काहून? दुसरी ठोकून घ्या की!"

मी कान पाडले आणि पाय असा हिसडला की तातेराव पांढऱ्या धोतरासकट फतकल मारून चिखलात बसले.

"लंगडीची मस्ती तर बघा! विकून टाका हिला!"

मालकांपुढं कधी मान वर न करणारी रूपाबाई माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "हिला विकायच्या आधी मला विका! दाराला लोखंड पायजे तर लोहाराकडं लई हाय. ही नाल चालायला हाय, टांगायला न्हाई!"

शाब्बास गं माझी बाई! त्या श्रावणात आम्ही पार कनेरगाव नाक्यापर्यंत बांगड्या भरल्या. लंगडत गेले, पण चारही नाला पायातच होत्या.

मित्रांनो, मुक्या जनावराला जपा, असं हात जोडून मी म्हणणार नाही. मला हात नाहीत, खूर आहेत. पाय उचलाल तर आधी चिखल काढा, कोरडा करा, मग बेतानं खिळा ठोका. आणि नाल काढून न्यायलाच येणार असाल, तर माझ्या मागं उभे राहू नका.