तारेआडचा संसार

ऑस्ट्रेलियातल्या ब्रूमच्या बंदरात इसोएचं कपडे धुण्याचं दुकान होतं. तिचा नवरा तोरामात्सु पाणबुड्या. मोत्याच्या शिंपल्यांसाठी गलबतावर गेला की महिनोन् महिने घराचं तोंड बघत नसे. लग्नाला कैक वर्षं झाली होती. पण संसार म्हणावा असा झालाच नव्हता. मूलबाळही नव्हतं.

जपानशी युद्ध पेटलं आणि ब्रूममधल्या सगळ्या जपान्यांना सरकारने उचललं. आधी बोट, मग आगगाडी, असं करत दोघं पार दक्षिणेला टाटुराच्या छावणीत येऊन पडली. पत्र्याच्या खोपटात एक खोली मिळाली. भोवती काटेरी तार. इसोएला तारेपेक्षा जास्त जाच झाला तो नवऱ्याचा.

"अहो, जरा बाहेर जाऊन बसा ना! केर काढायचा तर तुमचे पाय मध्ये."

"बाहेर तरी किती लांब जाऊ? पुढे तार आहे."

शेजारच्या खोलीत ओतामी राहायची. ब्रूमला तिची खाणावळ होती, आणि जिभेला हाड नव्हतं. एकदा जेवणाच्या पंगतीत इसोएने नवऱ्याच्या ताटलीत भोपळा वाढला. त्याने तो गुपचूप बाजूला सारला. ओतामी सगळ्यांदेखत म्हणाली, "अगं, त्यांना भोपळा चालत नाही, हे माझ्या खाणावळीतल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं. तू बायको ना त्यांची?"

बायका खो खो हसल्या. इसोएला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून ती नवऱ्याकडे नीट बघायला लागली.

तोरामात्सुने खोपटामागे सोयाबीन पेरलं. छावणीतल्या रोजच्या उग्र मटणाला सगळेच विटले होते. पीक आल्यावर बायकांनी तोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, करायला घेतलं. दुपारी दोघं जात्यावर समोरासमोर बसायची. तो खुंटा फिरवायचा, ती भिजवलेले दाणे घालायची. एकदा जातं थांबवून तो म्हणाला, "समुद्रात खाली उतरताना मला भीती वाटायची. दर खेपेला."

"कधी बोलला नाहीत ते?"

"बोलणार कधी? घरी यायचो तेव्हा तू कपड्यांच्या ढिगात, आणि मी साकेच्या दारूत बुडालेला."

ती एवढंच म्हणाली, "आता बोला." आणि तो बोलू लागला. पाण्याखालच्या अंधाराबद्दल, वर न आलेल्या मित्राबद्दल. वाटण वाळून गेलं तरी तिने हात हलवला नाही.

युद्ध संपलं. जपान हरलं. पुढच्या उन्हाळ्यात, शेंगा भरत आल्या होत्या तेव्हा, जपानला निघायचा हुकूम आला. ब्रूमला परत जायची परवानगी नव्हती. बायका देशासाठी रडत होत्या. इसोएही रडली; पण तिला आपल्या त्या खोलीसाठी रडू येत होतं, आणि त्याची तिलाच लाज वाटली.

तोरामात्सुच्या गावी, ताइजीला, खायची मारामार होती. तो मासेमारीच्या बोटीवर लागला आणि पुन्हा महिनोन् महिने दिसेनासा झाला. एकदा मासे वाळत घालताना धाकटी जाऊ योने हळहळली, "वहिनी, तिथे फार हाल झाले असतील ना तुमचे?"

"हाल कसले? माणूस घरात होतं माझं."

"अगंबाई! कैदेची आठवण काढणाऱ्या तुम्हीच पहिल्या!"

इसोए पुन्हा कुणापाशी हे बोलली नाही. नवरा सुट्टीवर आला तेव्हा मात्र त्याला तिने योनेशी झालेलं बोलणं सांगितलं.

"थंडी मात्र मरणाची होती," तो म्हणाला.

"हो ना. आणि तुम्ही पांघरूण ओढायचात."

दोघंही हसत सुटली, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत.