ठोके मोजणारा पट्टा

मित्रांनो, धावणारी माणसं छातीला बांधतात तो ठोके मोजणारा पट्टा तुम्ही पाहिला असेल. मी तसाच एक, आता जुना झालेला. माझं इलास्टिक सैल पडलं आहे आणि चेन्नईच्या वेलाचेरी भागातल्या एका घरात मी कपाटाच्या खणात पडून असतो.

मला विकत घेतलं उमाकांत देवस्थळी यांनी. ते मूळचे मिरजेचे, इथल्याच गिंडी भागातल्या एका लहान कारखान्यात इंजिनिअर. त्यांचे वडील पन्नाशीच्या आतच हृदयविकारानं गेले, म्हणून चाळिशीत भीतीपोटी उमाकांत पळू लागले. रोज पहाटे बेसंट नगरच्या किनाऱ्यावर ते धावायचे आणि मी त्यांचा एकेक ठोका मनगटावरच्या घड्याळाला कळवायचो.

पहिली वर्षं सुखाची होती. बसल्या जागी मिनिटाला ऐंशी पडणारे ठोके बावन्नवर आले, रक्तदाब उतरला. सोबतची तमिळ मंडळी त्यांच्या हृदयाचं कौतुक करायची. उमाकांत मला स्वतःच्या हातानं धुऊन सावलीत वाळत घालायचे. पण तेवढ्यावर त्यांचं समाधान होईना. आधी एकवीस किलोमीटर, मग बेचाळीस, मग पन्नास. वर्षाला आठ-आठ शर्यती. चेन्नईच्या मे महिन्यातही सुट्टी नाही.

अकराव्या वर्षी एका सकाळी ठोक्यांची लय मोडली. तीन घाईनं पडले, एक गळला, पुन्हा दोन घाईनं. मी ऐकलं तेच कळवलं. घड्याळावर एकशे पंच्याण्णवचा आकडा पाहून उमाकांत थबकले. त्यांनी मला ओलं केलं, माझा सेल बदलला. दुसऱ्या दिवशीही तेच.

"पट्टा बिघडलाय," त्यांनी घरी पत्नीला सांगितलं आणि मला खणात टाकलं.

मी बिघडलो नव्हतो, मित्रांनो.

चार महिने ते माझ्याशिवाय धावले. पुढे जिना चढताना दम लागू लागला, तेव्हा त्यांच्या पत्नी अलकनंदाताई त्यांना हट्टानं डॉक्टर श्रीरंजनींकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांना दाखवायला म्हणून ताईंच्या पर्समध्ये मीही होतो. डॉक्टरांनी तपासून समजावलं की बेतानं धावणं हृदयाला चांगलंच. पण वर्षानुवर्षं इतकं ताणलं की काहींच्या हृदयाचे वरचे कप्पे फुगतात, लय सुटते, आत रक्त साकळू शकतं. त्यांनी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या दिल्या आणि लांब पळणं बंद करायला सांगितलं.

परतताना अलकनंदाताई म्हणाल्या, "अहो, एवढं तरी ऐका."

उमाकांत हळूच म्हणाले, "थांबलो तर बाबांसारखा जाईन गं."

जानेवारीतल्या मॅरेथॉनमध्ये पडून-खरचटून जास्त रक्त वाहील म्हणून त्यांनी आधी आठवडाभर गोळ्या बंद ठेवल्या आणि ते धावायला गेले. एकतिसाव्या किलोमीटरला कोसळले. रक्ताची गुठळी मेंदूत गेली होती. उजवा हात गेला, वाचा गेली.

याला दोन वर्षं झाली. वाचा परत येईल असं डॉक्टर आता म्हणत नाहीत. गेल्या आठवड्यात अलकनंदाताईंनी खण आवरताना मला उमाकांतांच्या मांडीवर ठेवलं. डाव्या हातानं ते मला कितीतरी वेळ चाचपत राहिले. ओठ हलले, शब्द आला नाही. ताईंनी त्यांचे डोळे पुसले आणि मला परत आत ठेवलं.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी पळत असेल तर जरूर पळू द्या. पण हृदयाची लय चुकते आहे असं दिसलं, तर सेल बदलत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. उमाकांतांना मी वेळेवर सांगितलं होतं. माझं काम तेवढंच होतं, आणि ते पुरलं नाही.